हॅलोविनचा अवजड राक्षस अर्ध्या तासात ओघळतो: दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

आरशासमोर पोशाख झकास दिसतो. खांदे रुंद, पाठीवरचे काटे ताठ, मान जाडजूड. दोन-चार फोटो होतात. मग घालणारा जिना उतरून बाहेर पडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळं बिघडायला लागतं. काटे मागे झुकतात, पोट मांड्यांवर येऊन बसतं, डोकं पुढे लोंबतं. गुडघ्यांजवळ फोमच्या वळ्या पडतात आणि चालताना एकमेकींत अडकतात. बगलेतली शिवण उसवते. शेवटी आतला माणूस एका हाताने डोकं सावरत, दुसऱ्याने कंबर वर ओढत घरी येतो.

हे मी स्वतः तीनदा भोगलं आहे, आणि ओळखीपाळखीतले लोक दुरुस्तीला घेऊन येतात त्या पोशाखांत दरवर्षी बघते. 31 ऑक्टोबर जवळ आला की प्रश्न एकच असतो: "कशाने चिकटवू म्हणजे सुटणार नाही?" डिंक बदलला जातो, टाके दुप्पट घातले जातात, वरून डक्ट टेप गुंडाळला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. डिंक आणि टाके सुटतात ते सगळ्यात शेवटी. बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते: हे सगळं वजन शरीरावर नेमकं कुठे टेकणार, हे न ठरवताच फोमला कात्री लागलेली असते.

आधी दोष ओळखा

पोशाख पूर्ण घाला. गळ्याची कड जिथे येते तिथे आतल्या टी-शर्टवर खडूने खूण करा, तशीच कंबरेला करा. दहा मिनिटं घरातल्या घरात चाला, पाच वेळा खुर्चीत बसून उठा. आता खुणा बघा. पोशाख दोन बोटांहून जास्त खाली आला असेल, तर रात्रभरात तो कुठवर जाईल याचा अंदाज करता येतो.

मग दोन्ही हात डोक्यावर न्या. हातांबरोबर पोट आणि मांड्याही वर उचलल्या गेल्या, तर अख्खा पोशाख खांद्यांवर आणि बगलांवर लटकतो आहे. बहुतेक पोशाखांची हीच गत असते. पोट जागेवर राहिलं आणि फक्त बगल अडली, तर चूक बेतण्यातली आहे, ती शिवणींच्या भागात बघू. अंग नीट बसलंय आणि डोकंच तेवढं डुलतंय, तर थेट डोक्याच्या भागाकडे जा. बाकी काही उसवायची गरज नाही.

वजन कंबरेच्या हाडावर न्या

डोंगर चढणारे लोक पाठीवर मोठं ओझं कसं नेतात ते आठवा. खांद्यांचे पट्टे ओझं मागे पडू देत नाहीत, पण भार बहुतांशी कंबरपट्ट्यावर असतो आणि तो पट्टा पोटावर न बसता कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसतो. राक्षसाच्या पोशाखालाही हेच हवं. जुन्या ट्रेकिंग सॅकचा रुंद, गादी असलेला कंबरपट्टा आणि खांद्याचे पट्टे काढून घ्या. ते नसतील तर नायलॉनच्या जाड नवारीचे शिवून घ्या आणि आतून फोमची पट्टी लावा. हा साज पोशाखाच्या आत, टी-शर्टवर आधी चढवायचा आणि बकल घट्ट करायची. पोशाख त्यावर टांगायचा.

टांगण्याच्या जागा किमान सहा असू द्या: दोन खांद्यांवर, दोन पाठीच्या पाख्यांवर, दोन कंबरेच्या बाजूंना. इथे एक चूक हमखास होते. लोक नवार थेट फोमला शिवतात किंवा चिकटवतात. फोम ओढ सहन करत नाही, टाक्याच्या भोकापासून फाटत जातो. त्यासाठी जाड कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, नवार त्या कापडाला शिवा आणि मग ते कापड फोमच्या आतल्या बाजूला सगळीकडून चिकटवा. ओढ तळहातभर जागेत विभागली जाते. या एका बदलाने माझे दोन जुने पोशाख अजून चालताहेत.

पाठीचे काटे किंवा कुबड असेल, तर कंबरपट्ट्यापासून खांद्यापर्यंत दोन चपट्या प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या लावा आणि टोकांना भरपूर फोम गुंडाळा, म्हणजे पडलं तर बोचणार नाहीत. कुबडाचा भार त्या पट्ट्यांवरून खाली कंबरेवर उतरतो. पट्ट्या नसल्या की कुबड मागे झुकतं आणि गळ्याची पुढची कड मानेत रुतते. "श्वास कोंडतो" अशी तक्रार करणाऱ्यांच्या पोशाखात मी सर्वांत आधी हेच तपासते.

शेपटी पोशाखाला शिवू नका. तिला कंबरपट्ट्यावरच वेगळ्या पट्ट्याने अडकवा आणि पोशाखाला मागे भोक ठेवा. शिवलेली शेपटी पावलागणिक पोशाखाला मागून खाली ओढते. गळा मागे सरकतो, बाहेर बघायची तोंडातली फट कपाळावर येते आणि घालणाऱ्याला वाटतं डोकंच चुकीचं बसलंय.

पायांचा भागही वरच्या भागापासून वेगळा असावा. त्याला स्वतःचे खांदेपट्टे द्या आणि वरचं पोट त्यावर एक वीत झाकून येऊ द्या. वाकताना, बसताना दोन्ही भाग एकमेकांवर सरकतात, कंबरेत ताण येत नाही. 1954 साली जपानमध्ये गॉडझिला या सिनेमातल्या राक्षसाचा पहिला पोशाख बनला, तो जवळपास 100 किलोंचा आणि इतका ताठ होता की आतल्या माणसाला नीट चालताच येईना. चित्रीकरणासाठी दुसरा, हलका पोशाख बनवावा लागला. पहिला मग मधोमध कापला आणि खालच्या अर्ध्याला दोरीचे खांदेपट्टे लावून, जिथे फक्त पाय किंवा शेपटी दिसायची तिथे तो वापरला. या पोशाखांत गॉडझिला साकारणारे हारुओ नाकाजिमा यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या घरगुती पोशाखाला तीच युक्ती पहिल्या दिवसापासून वापरता येते.

मुळात वजन किती, ते मोजा

"फोम तर हलका असतो" या समजुतीने घात होतो. साधा हिशोब करू. प्रौढ माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ 1.7 ते 1.9 चौरस मीटर असतं. अवजड पोशाखाचं बाहेरून ते अडीच धरा. गादीचा फोम घनमीटरला 25 किलोंचा आणि 5 सेंटिमीटर जाडीचा घेतला, तर नुसता फोम तीन किलोंच्या वर जातो. जाडी 10 सेंटिमीटर केली की सहा किलो. त्यावर रंग, डिंक, अस्तर, चेन, डोकं आणि पावलं. यातला रंग सर्वांत फसवा. उघडा गादीचा फोम रंग पाण्यासारखा पितो. दोन लिटर रंग कुठे गेला ते कळत नाही, आतून दोन-तीन दिवस ओलसर राहतो आणि वाळल्यावर लवचिकपणाही जातो.

म्हणून आकार पोकळ ठेवा. पोट, मांड्या, दंड फुगवायचे असतील तर आत उशा किंवा कापूस कोंबू नका. तो खाली साचतो, गोळे होतात आणि उष्णता अडते. त्याऐवजी पोहण्याच्या तलावात वापरतात त्या फोमच्या नळ्यांची कडी करा आणि ती एकाखाली एक नवारीने जोडून पिंजऱ्यासारखी टांगा. वरून दोन सेंटिमीटरचा पातळ फोम पुरतो. आकार तितकाच मोठा दिसतो आणि आत हवा खेळते.

फोमवर रंगाआधी एक थर लावून तो बंद करा: पांढरा डिंक पाण्यात पातळ करून, किंवा पातळ केलेलं लेटेक्स, म्हणजे द्रव रबर. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असते, ती आधी विचारून घ्या. ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसला घट्ट फोम) वापरत असाल तर हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, हलकेच फिरवा, पृष्ठभागाची छिद्रं मिटतात आणि रंग वर राहतो. थर्माकोलवर स्प्रे रंग थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. कुणाच्या शिंगांचे आणि नखांचे खड्डे होऊन बसले की मला आधीच कळतं काय झालं असेल.

मुलांसाठी पोशाख करत असाल तर स्वयंपाकघरातला किंवा सामानाचा काटा घेऊन प्रत्येक भाग तोला. शाळेच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा सांगतात. मी पोशाखालाही तीच लावते. 25 किलोंच्या मुलाला अडीच किलो, डोक्यासकट. याच्या वर गेलं की शेपटी लहान करते, कुबड काढते. मूल कुरकुर करतं, पण रात्र संपेपर्यंत राक्षस राहतं.

शिवणी आणि जोड

ग्लू गन झटपट आहे, म्हणून सगळे तिच्यावर विसंबतात. तिचा डिंक थंड झाल्यावर कडक होतो आणि गरम झाल्यावर मऊ. कोपर, गुडघा, बगल अशा सतत दुमडणाऱ्या जागी तो तडकतो, आणि अंगाची ऊब, उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली उष्णता यांनी सुटतो. ग्लू गन दातांना, खवल्यांना, नखांना वापरा. फोमला फोम जोडायचा तर कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे चपला चिकटवतात तसला रबरी डिंक. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच कड कडेला भिडवून दाबायची. ओलं असताना जोडलं की आतला द्रावक अडकतो आणि जोड आठवडाभराने हाताने सोलून निघतो. "कॉन्टॅक्ट सिमेंटसुद्धा टिकत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घाई केलेली असते. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको, वाफ पेट घेते.

एवढं करूनही बगल आणि जांघ उसवत असेल, तर जोडाला दोष देऊ नका, तिथे कापडच कमी पडतं आहे. शिंपी बगलेत चौकोनी तुकडा घालतात तो याचसाठी. तळहाताएवढा ताणणारा कापडी चौकोन, कोन वर-खाली करून बगलेत बसवा. जांघेत त्याहून मोठा, तिरका. त्यावर फोम लावायचाच नाही. तिथे रंग जुळवलेलं कापड दिसत नाही, कारण हात आणि पोट ती जागा झाकतात. गुडघ्यामागे आणि कोपरात फोमला आतल्या बाजूने व्ही आकाराच्या चिरा द्या, म्हणजे दुमडायला जागा मिळते आणि वळ्या बाहेर येत नाहीत.

बेतताना माप अंगाचं घेऊ नका, अंगावर जे काही चढणार त्या सगळ्याचं घ्या. आतले कपडे आणि साज घालून वर पातळ प्लास्टिक गुंडाळा, त्यावर डक्ट टेपचे तुकडे लावा, पेनने जोडरेषा काढा आणि दुसऱ्या माणसाकडून बोथट टोकाच्या कात्रीने कापून घ्या. तोच साचा. छातीवर टेप लावताना पूर्ण श्वास भरून ठेवा आणि मानेभोवती टेप गुंडाळू नका. कापलेल्या साच्याला चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर माया सोडा आणि पाठीला लांबीत आणखी चार बोटं द्या. बसताना पाठ लांब होते हे उभं राहून घेतलेल्या मापात येत नाही.

डोकं डुलतं

डोक्याच्या आत पोकळी असते आणि आपलं डोकं त्यात घंटेतल्या लोळीसारखं हलतं. आत सायकलचं किंवा बांधकामावरचं हलकं हेल्मेट बसवा, त्याची हनुवटीची पट्टी ठेवा, बाहेरचं डोकं हेल्मेटला चार जागी जोडा. डोलणं जवळपास तिथेच थांबतं.

उरलेलं पुढे लोंबणं हा तराजूचा प्रश्न आहे. जबडा 200 ग्रॅमचा आणि मानेपासून 30 सेंटिमीटर पुढे असेल, तर मागे 12 सेंटिमीटरवर तोल साधायला अर्धा किलो लागतो. एवढं वजन मानेवर वाढवणं मूर्खपणाचं आहे. आधी जबडा पोखरा, दात पोकळ करा, मातीचे किंवा प्लास्टरचे असतील तर ईव्हीएचे करा. मग पंख्याची बॅटरी मागच्या बाजूला हलवा. तिचं वजन नाहीतरी वाहायचंच आहे, ते मागे गेलं की तोलाला कामी येतं. जाड मानेच्या राक्षसाला याहून सोपा उपाय आहे: डोकं खांद्याच्या साजावरच टेकू द्या. ते स्वतंत्र वळणार नाही, अंगासकट वळावं लागेल, पण मान पूर्ण मोकळी राहते.

दिसण्याची फट राक्षसाच्या डोळ्यांत शोधू नका. ते फार वर असतात. तोंडात किंवा गळ्याच्या सुरकुतीत काळी जाळी लावा आणि आतला भाग काळा रंगवा. आत अंधार असला की बाहेरून जाळी दिसत नाही, आतून मात्र दिसतं. पायांपुढची जमीन दिसते का ते पायरीवर उभं राहून बघा.

उष्णता

शांत बसलेलं शरीर साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं, भरभर चालताना तिप्पट किंवा जास्त. आणि फोम तर उष्णता अडवण्यासाठीच वापरतात. पंखा लावूनही उकडतं अशी तक्रार येते तेव्हा पंखा तीच गरम हवा तोंडावर फिरवत असतो. पंखा डोक्याच्या वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा हवा, आणि गार हवा आत यायला खाली, गुडघ्यांजवळ किंवा बगलेखाली भोकं हवीत. संगणकातला छोटा 5 व्होल्टचा पंखा पॉवर बँकवर चालतो. दोन वॅटचा असेल तर 10,000 एमएएचच्या बँकवर रात्र सहज निघते. काही पॉवर बँक फार कमी वीज ओढली की आपोआप बंद होतात. तसं झालं तर दोन पंखे एकाच बँकला लावा. कोरडा बर्फ आत कधीही ठेवू नका. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बंद पोशाखात जीव गुदमरतो.

वीस मिनिटांनी डोकं काढायचं, पाणी प्यायचं, हे आधी ठरवा आणि सोबत एक माणूस ठेवा. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं यांतलं काही जाणवलं तर पोशाख त्या क्षणी उतरवायचा. म्हणून चेन आतूनही उघडता यायला हवी. नुसती पाठीमागची चेन मला मान्य नाही. तिच्या टोकाला नाडी बांधून ती बगलेतून आत घ्या.

सोबतच्या माणसाचं आणखी एक काम आहे. हॅलोविनला दारादारांत कोरलेले भोपळे ठेवतात आणि पुष्कळांच्या आत मेणबत्ती असते, घोट्याच्या उंचीवर. घालणाऱ्याला स्वतःची शेपटी दिसत नाही. गादीचा फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सोबतीने शेपटीच्या मागून चालायचं, आणि आपल्या दारातल्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवायचा.

उद्याच हॅलोविन असेल तर

सगळं उसवायला वेळ नाही, पोशाख तयार आहे आणि तो ओघळतो आहे. ट्रेकिंग सॅक असेल तर ती रिकामी करून आत घाला, कंबरपट्टा घट्ट करा. कापडाचे चार तुकडे घ्या, त्यांना नवारीचे लूप शिवा, ते खांद्यांवर आणि पाठीत आतून चिकटवा, लूपमधून सॅकच्या पट्ट्यांना गाठी मारा. शेपटी कापून वेगळी करा आणि कंबरपट्ट्याला बांधा. कापताना जिवावर येतं, तरी कापा. पोटातला कापूस निम्मा काढा. बगलेत शिवण उसवली असेल तर ती तशीच उघडी ठेवा, आतून पोशाखाच्या रंगाची ताणणारी बाही घाला. डोक्यात हेल्मेट नसेल तर जुन्या टोपीचा आतला पट्टा आणि फोमचे चार ठोकळे: एक कपाळाशी, एक मागे, दोन कानांच्या वर. मग खडूच्या खुणा करून पुन्हा दहा मिनिटं चाला, पाच वेळा बसा-उठा. दोन बोटांच्या आत राहिला तर झोपायला जा, रंगाचे डाग सकाळी नीट करता येतील.